संगणकाची स्मृती आणि प्रोसेसरचा वेग : एक अभ्यास

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. भारतात घडविलेल्या आरंभीच्या संगणकांत त्याची गणना होते. त्याच्या फेराइट स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. आजच्या मापाने ही क्षमता अवघी १० किलोबाइट भरते. आज साध्या संगणकातही ८ गिगाबाइट रॅम असते, म्हणजे आठ लाख पटींहून अधिक. क्षमता वाढली, पण गणित करणारा प्रोसेसर आणि त्याला माहिती पुरविणारी स्मृती यांचा मेळ बसविण्याचा प्रश्न कायम राहिला.

आमच्या दिग्रस परिसरातील वाचकांना कापसाचा दाखला पुरेसा आहे. जिनिंगमधील रेचा कितीही वेगवान असला, तरी कापूस वेळेवर पोहोचला नाही तर तो रिकामाच फिरतो. प्रोसेसरचेही तसेच. ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका पाव नॅनोसेकंदाचा असतो. रॅमने उत्तर द्यायला केवळ १० नॅनोसेकंद घेतले, तरी तेवढ्यात ४० ठोके निघून जातात. ही प्रतीक्षा कमी व्हावी म्हणून प्रोसेसरच्या आतच ‘कॅश’ नावाची छोटी, जलद स्मृती ठेवलेली असते.

रॅमच्या पट्टीवरील दोन आकडे वाचता आले पाहिजेत. ‘डीडीआर४-३२००’ याचा अर्थ सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा माहितीची ने-आण. प्रत्येक वेळी ८ बाइट जातात. म्हणून एका मार्गाने सेकंदाला २५.६ गिगाबाइट, आणि दोन मार्गांनी ५१.२ गिगाबाइट. दुसरा आकडा ‘सीएल’ हा विलंब दाखवितो. त्याला २००० ने गुणून वेगाच्या आकड्याने भागले की नॅनोसेकंद मिळतात. ३२०० वेगाची सीएल १६ पट्टी आणि ३६०० वेगाची सीएल १८ पट्टी, दोन्हींचे उत्तर १० नॅनोसेकंदच येते. सीएलचा मोठा आकडा पाहून पट्टी संथ ठरविणे म्हणूनच योग्य नव्हे.

आता मेळाकडे वळू. इंटेलच्या कोअर आय५-१०४०० या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा २६६६ आहे. एच४१० किंवा बी४६० मदरबोर्डवर त्याच्यासोबत ३२०० ची पट्टी बसविली, तरी ती २६६६ नेच चालते. वेगासाठी मोजलेली जादा रक्कम वाया जाते. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी ची अधिकृत मर्यादा ३२०० आहे. त्यातील अंगभूत ग्राफिक्स हीच रॅम वापरते, त्यामुळे तेथे ८ गिगाबाइटच्या दोन पट्ट्या १६ गिगाबाइटच्या एका पट्टीपेक्षा स्पष्टपणे सरस ठरतात. वेगवेगळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्यास साधारणतः सर्वांना संथ पट्टीच्या चालीने चालावे लागते. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसतच नाही.

वसतिगृहातील मुलांना संगणकापुढे ठराविक तासच मिळतो. तो यंत्राची वाट पाहण्यात जाऊ नये. म्हणून शाळेसाठी अथवा आपल्या पाल्यासाठी संगणक जुळविणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी हा क्रम पाळावा, असे आम्ही सुचवितो : प्रथम प्रोसेसरची मर्यादा पाहावी, मग मदरबोर्डची, त्या दोहोंत जी कमी असेल तेवढ्याच वेगाच्या दोन समान पट्ट्या घ्याव्यात. वाचलेल्या रकमेतून हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्यावी.

जोडणीनंतर एक काम उरते. अनेक पट्ट्या आरंभी २१३३ किंवा २४०० अशा कमी वेगाने चालू होतात. छापील वेग मिळविण्यासाठी बायोसमध्ये ‘एक्सएमपी’ सुरू करावे लागते. त्यानंतर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ व ‘मेमरी’ उघडून वेगाचा आकडा पाहावा. पट्टीवरचा आणि पडद्यावरचा आकडा जुळला, तरच दुकानदाराचे बिल चुकते करावे.