चंक्रमण आणि दुखरे गुडघे



गुडघे झिजले म्हणून वंदनेला येणे थांबवू नका; खुर्चीवर बसा आणि चालत राहा. अंगुत्तर निकायात भगवंतांनी चंक्रमणाचे 5 लाभ सांगितले आहेत: प्रवासाची क्षमता, प्रयत्नाची क्षमता, निरोगीपणा, चांगले पचन आणि टिकणारी समाधी.

सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. पावलागणिक दाब पडतो, सुटतो, तेव्हा सांध्यातील द्रवातून तिला पोषण मिळते. सपाट जागी 10 मिनिटांपासून सुरुवात करा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेले राहिले तर अंतर कमी करा. गुडघा सुजला किंवा अडकू लागला तर डॉक्टरांना दाखवा.

जर्मनीत डॉक्टर ‘फुंक्त्सिओन्सट्रेनिंग’ लिहून देऊ शकतात. क्रांकेनकासेने मंजुरी दिली की रॉयमा-लीगाच्या गटात व्यायाम करता येतो. आईवडिलांसाठी जरूर विचारा.

भवतु सब्ब मंगलं!