बाळाची पहिली थंडी




नाताळच्या सुट्टीपासून रथसप्तमीपर्यंतचे दिवस महाराष्ट्रात थंडीचे आणि पाहुण्यांचे असतात. शाळा काही दिवस बंद होतात, परगावी नोकरीला असलेले घरी येतात, परदेशी गेलेलेही बहुधा याच दिवसांत फेरी मारतात. त्यापाठोपाठ भोगी, संक्रांत आणि हळदीकुंकू येतेच. ज्या घरात दोन-चार महिन्यांचे मूल आहे, तिथे या गजबजाटात आणखी एक दिनक्रम चालू असतो. नवे बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पिते, १४ ते १७ तास झोपते. पण ती झोप तुकड्यातुकड्यांची असते आणि रात्र-दिवस हा भेद त्याला अजून कळत नाही. सुट्टी घरातल्या सगळ्यांना असते, बाळाला नसते. म्हणून त्याच्या आईलाही नसते. ज्यांना सुट्टी आहे त्यांनी आईचे काम वाटून घ्यावे, हा या दिवसांतला संसाराचा पहिला नियम. त्याची सुरुवात बापाने करावी.

थंडी बाळाला मोठ्यांपेक्षा लवकर बाधते, याला शरीराचीच कारणे आहेत. मोठी माणसे कुडकुडतात आणि त्यातून अंगात ऊब तयार होते. नवजात बाळाला हुडहुडी भरत नाही. वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचे क्षेत्रफळ जास्त, डोके मोठे आणि कातडीखालची चरबी बेताची असते. मूल दिवस भरण्याआधी जन्मले असेल किंवा जन्मतः अडीच किलोपेक्षा हलके असेल, तर अधिकच जपावे लागते. निफाडला किंवा विदर्भातल्या गावांत पहाटे पारा १० अंशांखाली उतरतो, मुंबईत आणि कोकणपट्टीत तशी थंडी क्वचित पडते. त्यामुळे एका गावचा कपड्यांचा हिशेब दुसऱ्या गावी लागू पडत नाही. मोठ्या माणसाला जेवढे कपडे पुरतात त्याहून एक थर जास्त, बाहेर नेताना डोक्याला टोपडे आणि पायांत मोजे, हे माप मात्र सगळीकडे चालते.

ऊब पुरेशी आहे की नाही, हे हाताने कळते. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावून पाहावी. दोन्ही उबदार असतील तर काळजी नको. पोट उबदार आणि पाय गार असतील तर थंडी बाधू लागली आहे, आणखी ऊब द्यावी. दोन्ही गार असतील तर बाळाला छातीशी धरून, पांघरूण घेऊन तडक दवाखाना गाठावा. उलट मान आणि पाठ घामाने ओली लागली, तर कपडे जास्त झाले आहेत. मायेपोटी दुलईवर दुलई घालण्याची चूक अनेक घरांत होते. बाळाला अति उष्णताही सोसत नाही. झोपवताना बाळ नेहमी पाठीवर, घट्ट गादीवर असावे. जवळ उशी, लोड, सैल पांघरूण काही ठेवू नये, कारण ते तोंडावर सरकले तर बाजूला करण्याचे बळ बाळाच्या हातांत नसते. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देण्याची प्रथा याच कारणाने सोडून द्यावी.

सगळ्यांत खात्रीची ऊब माणसाच्या अंगाची. कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे १९७८ मध्ये डॉक्टरांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली, कारण तिथे बाळांच्या मानाने काचपेट्या कमी होत्या. आज हीच पद्धत 'कांगारू मदर केअर' या नावाने जगभर वापरली जाते. नावात आई असली तरी बापाची छातीही तेवढीच उबदार असते. आई न्हायला किंवा जेवायला गेली की बापाने सदऱ्याच्या आत, उघड्या छातीशी बाळाला धरून वरून शाल घ्यावी. बाळाशी ओळख होण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

घरातली साधी निगा किती मोठे काम करते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवले. बाळाला उबदार ठेवणे, आईचे दूध वेळेवर मिळते आहे ना हे पाहणे, जंतुसंसर्ग लवकर ओळखून औषध देणे, अशी त्यांची कामे होती. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले होते. पुढे २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या घरी जाऊन नवजात बाळाची तपासणी करू लागल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. घर पाहुण्यांनी भरलेले असले तरी आशाताई आल्या की त्यांना बाळाजवळ बसवावे आणि त्या सांगतात ते बापानेही ऐकावे.

शेक-शेगडी ही बाळंतपणातली जुनी रीत. आईच्या कमरेला आणि पाठीला शेक मिळाला की बरे वाटते, त्यासाठी गरम पाण्याची पिशवी पुरते. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीही ठेवू नये. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपेतच माणसे दगावतात. ओवा, वावडिंग, बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकून बाळाला धुरी देण्याचीही पद्धत आहे. सुगंधी असला तरी तो धूरच, आणि बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. खोली उबदार करायची असेल तर वाऱ्याच्या बाजूची खिडकी लावावी, दुसरीकडची थोडी उघडी ठेवावी.

सकाळचे तेल-पाणी हा बाळाच्या दिवसातला आनंदाचा भाग. ऊन वर आल्यावर, वारा लागणार नाही अशा जागी, कोमट खोबरेल तेल हलक्या हाताने लावावे. नाकात, कानात आणि बेंबीत तेल घालू नये, डोळ्यांत काजळ घालू नये. पाणी कोपराला कोमट लागेल एवढेच गरम असावे. अंघोळ दोन-चार मिनिटांत उरकून बाळाला लगेच पंच्यात गुंडाळून कोरडे करावे, आधी डोके पुसावे. कडाक्याच्या थंडीत एखादा दिवस नुसते अंग पुसून घेतले तरी काही बिघडत नाही. पायांवर घेऊन न्हाऊ घालण्याची कला आजीकडून किंवा न्हाऊ घालणाऱ्या बाईंकडून बापाने सुट्टीतच शिकून घ्यावी. सुट्टी संपल्यावर ती उपयोगी पडते.

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. वरचे पाणी, गुटी, साखरपाणी यांपैकी कशाचीही गरज नसते. मध तर वर्ष पुरे होईपर्यंत बोटावरही चाटवू नये, कारण त्यात असणारे विशिष्ट जिवाणूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. पहिला आठवडा उलटल्यावर दिवसाला सहा किंवा अधिक दुपटी ओली होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० आययू, बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षात देतात. पाहुण्यांच्या गडबडीत ते राहून जातात, म्हणून त्यांची वेळ ठरवून टाकावी. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींची तारीखही सुट्टीपायी पुढे ढकलू नये.

आईचे खाणे हा थंडीतला सगळ्यांत सोपा आणि चविष्ट विषय. डिंकाचे आणि मेथीचे लाडू, अळिवाची खीर, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, पालेभाज्या हे सगळे याच ऋतूत गोड लागते. अळिवात लोह भरपूर असते. तरीही लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस चालू ठेवाव्या लागतात, लाडू त्यांची जागा घेत नाहीत. काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात. दूध पाजणाऱ्या आईला तहान जास्त लागते, तिला हवे तेवढे पाणी मिळावे. पाहुण्यांच्या पंगती उरकल्यावर शेवटी तिने जेवायचे, ही रीत या घरात नको. तिचे ताट पहिले वाढले जावे.

पाहुणे प्रेमाने येतात, पण सर्दी-खोकलाही बरोबर आणू शकतात. मोठ्यांची साधी सर्दी लहान बाळाच्या बारीक श्वासनलिकांत उतरली तर दवाखान्यात ठेवण्याची वेळ येते. आल्यावर साबणाने हात धुणे, बाळाचा पापा न घेणे आणि सर्दी असेल तर बाळाच्या खोलीत न जाणे, हे तीन नियम सगळ्यांना सारखे असावेत. ते सांगण्याचे काम बापाचे. सुनेने सांगितले तर ते बोचते, मुलाने सांगितले तर काळजी म्हणून ऐकले जाते. भेटीची वेळही ठरवावी. बाळ झोपले असेल तर दाखवण्यासाठी त्याला उठवू नये.

प्रवासाचा मोह या दिवसांत होतो. महाबळेश्वर, लोणावळा आणि कोकणचे किनारे नाताळात माणसांनी फुलून जातात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत अशा गर्दीत आणि डोंगरावरच्या पहाटवाऱ्यात बाळाला नेऊ नये. माहेराहून सासरी जाणे टळत नसेल तर दुपारचा प्रवास बरा. दर दोन-अडीच तासांनी थांबून दूध पाजावे. मोटारीत बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसू नये. मागच्या सीटवर बाळाची खास खुर्ची बांधून त्यात ठेवावे. दुचाकीवर तर इतक्या लहान बाळाला नेऊच नये. चार वर्षांखालील मुलांसाठी सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा घालणारा नियम २०२३ पासून लागू आहे, यावरून धोका कळावा.

भोगी आणि संक्रांत हे थंडीतले मुख्य सण, आणि बाळाची पहिली संक्रांत म्हणजे बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कोणत्याही दिवशी ते करता येते. बाळाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालतात, पाटावर बसवतात, आणि डोक्यावरून बोरे, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे आणि हलवा ओततात. भोवतालची मुले ती लूट गोळा करतात. काळा रंग ऊन शोषून घेतो, म्हणून तो थंडीतल्या सणाचा रंग झाला. हा सोहळा जरूर करावा. मात्र डोक्यावरून हलके चुरमुरे ओतावेत, बाकीचे समोर उधळावे. बाळाला मांडीवर धरून बसावे आणि सोहळा संपताच केरसुणी फिरवावी. हलव्याचा दाणा, शेंगदाणा, बोराची बी श्वासनलिकेत अडकली तर जीव गुदमरतो. दागिन्यांचा दोरा आणि टोचणारा हलवाही छायाचित्र होताच काढून ठेवावा.

धोक्याच्या खुणा घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला पाठ असाव्यात. तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप असेल, बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडले असेल, झटके येत असतील, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर सकाळची वाट पाहू नये. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, आणि दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा अधिक श्वास म्हणजे निमोनियाची शंका. सुट्टीत नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले असतात, म्हणून चालू असणाऱ्या रुग्णालयाचा पत्ता आधीच विचारून ठेवावा. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८ हा क्रमांक आहे.

आईचे मनही जपावे लागते. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येणे सर्वसाधारण असते. ते दोन आठवड्यांपेक्षा लांबले, झोप येईनाशी झाली, बाळाकडे पाहावेसे वाटेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. भरल्या घरात असे दुःख झाकले जाते, कारण सगळे बाळाकडे पाहत असतात. बापाने रोज एकदा बाळाच्या आईकडे पाहावे, तिची विचारपूस करावी आणि तिचे ऐकून घ्यावे. गरज वाटली तर डॉक्टरांकडे न्यावे; 'टेली-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.

मातृत्व रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार आईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस मिळतात, बाकीच्यांना कार्यालय देईल तेवढी. म्हणून नाताळचे आणि संक्रांतीचे हे दिवस बापासाठी मोलाचे आहेत. रात्री दूध पिऊन झाल्यावर ढेकर काढणे, दुपटे बदलणे आणि परत झोपवणे ही तीन कामे त्याची झाली, तर आईला सलग तीन-चार तास झोप मिळते, आणि या दिवसांत तिला झोपेइतके दुसरे औषध नाही. बाळाच्या पहिल्या थंडीत घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने रोज एक काम उचलावे; त्यातले रात्रीचे काम बापाने आजपासूनच आपल्याकडे घ्यावे.