फिरते पाणी आणि साचणारे क्षार

ज्या घरी विहिरीचे दुष्फेन पाणी बंबात तापवितात, तेथे बंबाच्या आतील बाजूस पांढरे पुट धरते. पुट जाड झाले म्हणजे तेवढेच पाणी तापविण्यास सर्पण अधिक लागते. घरात ही बाब केवळ खर्चाची असते. पोलादाच्या कारखान्यात मात्र ती धोक्याची ठरते.

आजच्या छत्तीसगडमधील भिलाई येथे सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. झोतभट्टीत तप्त हवा सोडणाऱ्या तोट्या तांब्याच्या असतात. तांबे १,०८५° सेल्सिअसला वितळते. तोटीसमोरील तापमान त्याहून कितीतरी अधिक असते. तोटी टिकते, ती तिच्या पोकळ भिंतीतून अखंड वाहणाऱ्या पाण्यामुळे.

तापलेले पाणी फेकून देणे परवडत नाही. म्हणून ते मनोऱ्यावरून तुषाररूपाने खाली सोडून निववितात व पुन्हा वापरतात. पाणी ६ अंशांनी निवताना त्याचा सुमारे शंभरावा भाग वाफ होऊन जातो. वाफ जाते, क्षार मागे राहतात. फेऱ्यांगणिक पाणी अधिकाधिक क्षारयुक्त होते. त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेट उष्णतेने विघटित होऊन न विरघळणारे कार्बोनेट तयार होते व भिंतीस चिकटते. या पुटातून उष्णता तांब्याच्या शतांशानेही वाहत नाही. मग तोटी जळते आणि पाणी भट्टीत शिरते.

यावर उपाय हिशेबाचा आहे. दर १,००० लिटर फिरत्या पाण्यामागे १० लिटरांची वाफ झाली व ५ लिटर पाणी मुद्दाम सोडून दिले, तर १५ लिटर नवे पाणी घालावे लागते. अशा वेळी क्षारांचे प्रमाण मूळच्या तिप्पट होऊन स्थिरावते. १० लिटर सोडल्यास ते दुप्पटच राहील. पण नवे पाणी २० लिटर लागेल. भिलाईस पाणी पुरविणाऱ्या तांदुळा जलाशयावर भातशेतीही अवलंबून आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या ५ लिटरांचे मोल कळते.

हाच नियम भूगर्भातही चालतो. नैसर्गिक वायूची विहीर जुनी होते तसा तिच्यातील दाब उतरतो. कमी दाबाचा वायू अधिक बाष्प सामावून घेतो. सोबतचे खारे पाणी आटते आणि मिठाचे स्फटिक नळीत साचून वायूची वाट अडते. उत्तर जर्मनीतील विहिरींत हा अनुभव आला आहे. तेथे गोडे पाणी सोडून मीठ विरघळवितात. चुन्याचे पुट मात्र साध्या पाण्याने निघत नाही. म्हणून ते मुळात धरू न देणे हेच श्रेयस्कर.