एलडी टेस्ट: खर्च किती, वाचतो कुठे?

चौथीतलं मूल तोंडी फाडफाड उत्तरं देतं, पण वहीत जोडाक्षरं चुकतात आणि फळ्यावरचं उतरवताना ओळी गळतात. शाळा सुचवते, ‘एलडी टेस्ट करून घ्या.’ म्हणजे अध्ययन अक्षमतेची चाचणी. चाचणीचा खर्च एकदाचा. खरा भार पुढच्या उपचारात्मक (रेमेडियल) शिकवणीचा. बजेट तिचं धरा.

आधी हे करा: डोळे आणि कान तपासून घ्या. दोष तिथेच निघाला, तर पुढचा खर्च टळू शकतो.

चाचणीत काय असतं? बुध्यंक चाचणीत लाल-पांढरे ठोकळे लावून नक्षी जुळवायची असते. ‘७-२-९’ ऐकून ‘९-२-७’ म्हणायचं असतं. मग वाचन, लेखन, गणित. मूल शाळेत ज्या भाषेत शिकतं, त्याच भाषेत चाचणी होईल ना, हे विचारा. सोबत वह्या, प्रगतिपुस्तकं आणि शिक्षकांचं पत्र न्या.

खासगी दर (मुंबई-पुणे, अंदाजे)
- पहिली भेट: १,००० ते २,५०० रुपये
- फक्त बुध्यंक चाचणी: २,००० ते ५,००० रुपये
- पूर्ण तपासणी, अहवालासह: ६,००० ते १५,००० रुपये
- रेमेडियल शिकवणी: तासाला ५०० ते १,००० रुपये. आठवड्यातून दोनदा म्हटलं, तरी महिन्याला ४,००० ते ८,०००.

पैसे भरण्यापूर्वी चिकित्सा मानसशास्त्रज्ञांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा (आरसीआय) नोंदणी क्रमांक मागा. लेखी अहवाल आणि तो समजावून सांगायची भेट फीमध्ये धरली आहे का, तेही विचारा.

सरकारी वाट: मुंबईत सायन, नायरसारख्या पालिका रुग्णालयांत ही तपासणी खासगीच्या तुलनेत नाममात्र खर्चात होते, मात्र नंबर लागायला वेळ लागतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

प्रमाणपत्र: दिव्यांग हक्क कायदा, २०१६मध्ये अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींसाठी बोर्डाला अधिकृत सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. नुसता खासगी अहवाल पुरत नाही. प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळतं आणि १४ व १८व्या वर्षी फेरतपासणी होते.

म्हणून सवलत हवी असेल, तर थेट सरकारी रुग्णालयातच नंबर लावा. आधी खासगीत तीच चाचणी झाली, तर सरावाने गुण फुगू शकतात आणि खासगीचे पैसेही वाया जातात. नंबर लागेपर्यंत शिकवणी मात्र थांबवू नका. तिला प्रमाणपत्र लागत नाही.