संगणकातला फासा

सुरगाणा हे नाशिक जिल्ह्यातील डोंगराळ तालुक्याचे गाव. समजा, तुम्ही तिथल्या शाळेच्या अंगणात उभे आहात. तळहात आकाशाकडे पसरा आणि एक मिनिट थांबा. काही जाणवले? नाही ना? पण तेवढ्यात सुमारे शंभर सूक्ष्म कण तुमच्या हातातून आरपार गेले! त्यांचे नाव म्यूऑन. अवकाशातून येणारे कण हवेवर आदळतात आणि त्यातून म्यूऑन तयार होतात.

हे कण दिसत नाहीत. मग लोखंडातून किंवा माणसाच्या शरीरातून जाताना अशा कणांचे काय होते, हे कसे कळणार? शास्त्रज्ञ आधी संगणकावर लुटुपुटीचा प्रयोग करतात. त्याला प्रतिरूपण म्हणतात.

हा खेळ तुम्हीही खेळू शकता. चिंचोके मधोमध फोडून शंभर तुकडे घ्या. प्रत्येक तुकडा म्हणजे एक म्यूऑन. सगळे जमिनीवर टाका. पांढरी बाजू वर आली, तो तुकडा बाद. उरलेले पुन्हा टाका. दर वेळी किती उरले ते लिहा. कोणता तुकडा बाद होईल, हे सांगता येत नाही. पण किती होतील, याचा अंदाज बांधता येतो. म्यूऑनही असेच नष्ट होतात. संगणक असे फासे क्षणात लाखो वेळा टाकतो.

या कामासाठी 'जीआंट-४' नावाची आज्ञावली आहे. ती १९९८ साली प्रथम प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य मिळते. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' येथील सीएमएस प्रयोगात ती वापरतात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्या प्रयोगात सहभागी आहे.

ही आज्ञावली शिकताना तिला तीन गोष्टी सांगाव्या लागतात : वस्तू कशाची व केवढी आहे, कोणते भौतिक नियम लावायचे आणि कोणता कण कुठून सोडायचा.

आता एक गंमत पाहा. तळहात १० सेंटीमीटर लांब व १० सेंटीमीटर रुंद आहे. तुम्ही घाईत नुसते '१०' लिहिले. आज्ञावली ते मिलीमीटर समजते! हात नखाएवढा होतो आणि मिनिटाला शंभराऐवजी एकच म्यूऑन मोजला जातो. संगणक मात्र तक्रार करत नाही.

ही चूक हसण्यावारी नेऊ नका. कर्करोगावरील किरणोपचारांच्या अभ्यासातही अशी प्रतिरूपणे वापरतात. तिथे चुकीचे माप महागात पडेल. म्हणून आधी सोपे उदाहरण करा, एकक लिहा आणि आलेले उत्तर खऱ्या मोजमापाशी ताडून पाहा. फासे संगणक टाकतो. खात्री आपणच करायची असते.

शब्दार्थ : आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच. एकक – मोजण्याचे ठरलेले माप. ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे.

स्वाध्याय : १. आज्ञावलीला कोणत्या तीन गोष्टी सांगाव्या लागतात? २. शंभराऐवजी एकच म्यूऑन का मोजला गेला? ३. चिंचोक्यांचा खेळ खेळा व निरीक्षणे पाच वाक्यांत लिहा.