राष्ट्रांचे तंटे सामोपचारानें कसे मिटतात?

विद्यार्थिमित्रहो, इतिहासाचें पुस्तक उघडलें कीं त्यांत लढायांच्या सनावळ्याच अधिक आढळतात. कोणत्या राजानें कोणता किल्ला घेतला, कोणत्या रणांगणावर किती सैन्य पडलें, हें आम्ही वर्गांत शिकवितों आणि तुम्ही पाठ करितां. परंतु जी लढाई व्हावयाची होती व झाली नाहीं, तिची तारीख पाठ करावयास आम्ही तुम्हांस क्वचितच सांगतों. न झालेल्या लढाईचा कोणी पोवाडा गात नाहीं. तथापि लढाई टाळणें हें लढाई जिंकण्यापेक्षां पुष्कळदां कठीण असतें. तें आपोआप घडत नाहीं. त्यासही योजना, धैर्य व चिकाटी लागते. यास्तव अशाच एका तंट्याची हकीकत येथें सांगावी असें आम्हीं योजिलें आहे. हा तंटा दक्षिण अमेरिकेंतील चिली व आर्जेंटिना या दोन शेजारी राष्ट्रांमधील असून, तो एकदां सोडून दोनदां युद्धाच्या उंबरठ्यापर्यंत गेला व परतला.

प्रथम कांहीं शब्दांचे अर्थ स्पष्ट करूं. दोन राष्ट्रें आपापल्या वकिलांमार्फत परस्परांशीं बोलून तोडगा काढूं पाहतात, तेव्हां त्यास वाटाघाटी असें म्हणतात. एखादा त्रयस्थ दोघांस जवळ आणतो व सूचना करितो, परंतु त्याची सूचना मानणें न मानणें दोघांच्या खुषीवर असतें, तेव्हां ती मध्यस्थी होय. आणि दोन्ही पक्ष आपला वाद त्रयस्थाकडे सोपवून त्याचा निवाडा मानण्याचें वचन आधींच देतात, तेव्हां त्यास लवाद म्हणतात. दोन भावांच्या शेतांमधील बांधावरून कज्जा झाला, तर प्रथम ते आपसांत बोलतात. न जमल्यास घरांतील वडीलधारें माणूस समजूत घालतें. तेंही न साधल्यास पंच बसतात. राष्ट्रांचा क्रम साधारणपणें असाच आहे. भेद एवढाच कीं, गांवांतील माणसानें निवाडा झिडकारला तर त्याच्यावर सरकारची सत्ता चालते. राष्ट्रानें झिडकारला तर त्यास भाग पाडणारी सत्ता फार दुर्बळ असते. तेथें मुख्य आधार दिलेल्या शब्दाचाच.

आतां मूळ तंट्याकडे वळूं. चिली हा देश पॅसिफिक महासागराच्या कांठीं एखाद्या चिंचोळ्या पट्टीसारखा पसरला आहे. आर्जेंटिना त्याच्या पूर्वेस अटलांटिकपर्यंत विस्तारलेला आहे. दोहोंमध्यें अँडीज पर्वताची प्रचंड रांग उभी आहे. नकाशा पाहणारास वाटेल कीं, एवढा पर्वत मध्यें असतां सरहद्दीचा वाद कसला? १८८१ सालीं तह करणारांसही तसेंच वाटलें असावें. त्यांनीं ठरविलें तें थोडक्यांत असें कीं, दक्षिणेकडील ५२ व्या अक्षांशापर्यंत सरहद्द अँडीजच्या पाणी विभागणाऱ्या सर्वांत उंच शिखरांवरून जावी.

वाक्य सरळ दिसतें. परंतु सर्व वादाचें मूळ त्यांतच होतें. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस एकीकडे कोंकणांत व दुसरीकडे देशावर उतरतो. तेथें उंच माथा व पाणी विभागणारी रेषा या बहुतेक एकच. अँडीजच्या उत्तर भागांतही पुष्कळ ठिकाणीं तसेंच आहे. परंतु दक्षिणेस पॅटॅगोनियांत अनेक नद्या उंच शिखरांच्या पूर्वेस उगम पावतात आणि पर्वताची रांग भेदून पश्चिमेस पॅसिफिक महासागरास मिळतात. म्हणजे शिखरांची रेषा एकीकडे व पाणी विभागणारी रेषा तिच्या पुष्कळ पूर्वेस. आर्जेंटिना म्हणे, तहांत उंच शिखरें लिहिलीं आहेत. चिली म्हणे, तहांत पाणी विभागणें लिहिलें आहे. दोघेही खरेंच सांगत होते! या दोन रेषांच्या मधील दऱ्या, सरोवरें व कुरणें मिळून सुमारें ९४,००० चौरस किलोमीटर प्रदेश वादांत पडला.

१८९६ सालीं दोन्ही सरकारांनीं हा वाद ब्रिटनच्या राजसत्तेकडे लवादासाठीं सोपविण्याचें मान्य केलें. १८९९ च्या फेब्रुवारींत दोन्ही राष्ट्राध्यक्ष मॅगेलनच्या सामुद्रधुनीवरील पुंता आरेनास येथें परस्परांस भेटले. तरीही संशय गेला नाहीं. एकानें युद्धनौका मागविली कीं दुसरा तिच्याहून मोठी मागवी. चिलीसाठीं इंग्लंडांत दोन व आर्जेंटिनासाठीं इटलींत दोन अशा बलाढ्य नौका बांधल्या जाऊं लागल्या. दोहोंच्या खजिन्यांवर भार पडला व दोहोंकडे युद्धाची भाषा सुरू झाली.

अशा स्थितींत २८ मे १९०२ रोजीं दोन्ही राष्ट्रांनीं जे करार केले, ते मे महिन्याचे करार म्हणून प्रसिद्ध आहेत. पुढील तंटेही लवादानेंच मिटवावयाचे असें त्यांत ठरलें. शिवाय बांधल्या जात असलेल्या नौका घ्यावयाच्या नाहींत, आणि पांच वर्षेंपर्यंत अठरा महिन्यांची आगाऊ सूचना दिल्याखेरीज आरमार वाढवावयाचें नाहीं, असेंही दोघांनीं कबूल केलें. परस्परांच्या समजुतीनें आरमारास मर्यादा घालून घेणारीं इतकीं जुनीं उदाहरणें जगांत फार थोडीं आहेत. चिलीच्या दोन नौका ब्रिटननें विकत घेतल्या, व आर्जेंटिनाच्या दोन जपाननें. जपानकडे गेलेल्या नौका पुढें रशियाशीं झालेल्या युद्धांत लढल्या. तयार झालेलें शस्त्र रिकामें बसत नाहीं, हेंही यावरून ध्यानांत ठेवावें.

लवादाचें काम पाहण्यास जो अधिकारी पाठविण्यांत आला, त्याचा आपल्या देशाशीं संबंध होता. सर थॉमस होल्डिच यांनीं हिंदुस्थानच्या मोजणीखात्यांत अनेक वर्षें नोकरी करून वायव्य सरहद्दीकडील डोंगराळ मुलूख मोजला होता. तेच वृद्धपणीं १९०२ सालीं अँडीजच्या दऱ्यांतून हिंडले. लंडनमध्यें बसून नकाशावर रेघ ओढणें सोपें होतें. परंतु जेथें रेघ पडावयाची ती जमीन, तेथील नद्या व तेथील माणसें प्रत्यक्ष पाहणें त्यांनीं आवश्यक मानलें.

वादग्रस्त प्रदेशांतील एका दरींत वेल्स देशांतून आलेल्या लोकांची वसाहत होती. तेथील पाणी पॅसिफिककडे वाहतें. म्हणजे चिलीच्या अर्थाप्रमाणें ती दरी चिलीची. ३० एप्रिल १९०२ रोजीं हे वसाहतवाले तेथील एका लहानशा शाळेंत जमले व होल्डिच यांच्यासमक्ष त्यांनीं आपण आर्जेंटिनाच्याच निशाणाखालीं राहूं इच्छितों असें सांगितलें. तहाच्या कोणत्याही कलमांत या माणसांचा उल्लेख नव्हता. तथापि निवाड्यांत ती दरी आर्जेंटिनाकडे राहिली. आम्हां शिक्षकांस या गोष्टीचें विशेष कौतुक वाटतें. कारण एका सरहद्दीचा प्रश्न सोडविण्यास शाळेची खोली उपयोगीं पडल्याचें उदाहरण इतिहासांत सहसा सांपडत नाहीं.

२० नोव्हेंबर १९०२ रोजीं राजे सातवे एडवर्ड यांनीं निवाडा दिला. त्यांत कोणाचीही रेषा संपूर्णपणें मान्य झाली नाहीं. वादग्रस्त प्रदेशापैकीं सुमारें ५४,००० चौरस किलोमीटर चिलीस व सुमारें ४०,००० आर्जेंटिनास मिळाला. कित्येक मोठीं सरोवरें तर मधोमध विभागलीं गेलीं. दोघांनींही निवाडा स्वीकारला. १३ मार्च १९०४ रोजीं दोन्ही देशांमधील घाटावर, समुद्रसपाटीपासून ३,८०० मीटरांहून अधिक उंचीवर, ख्रिस्ताचा कांशाचा पुतळा उभारण्यांत आला. त्याचे भाग रेल्वेनें डोंगराच्या पायथ्यापर्यंत नेऊन पुढें खेचरांवरून वर चढविले होते. ज्या ठिकाणीं लढण्यास यावयाचे, त्याच ठिकाणीं दोन्हीकडील सैनिक व नागरिक त्या दिवशीं समारंभास एकत्र आले.

येथें ही हकीकत संपविली असती, तर ती बोधकथेसारखी गोड झाली असती. परंतु इतिहास येथें थांबला नाहीं, म्हणून आम्हांसही थांबतां येत नाहीं.

खंडाच्या अगदीं दक्षिण टोकाशीं बीगल नांवाची सामुद्रधुनी आहे. तिच्या पूर्व मुखाजवळ पिक्टन, लेनॉक्स व न्यूएव्हा हीं तीन लहान बेटें आहेत. तेथें वस्ती जवळजवळ नाहीं. परंतु ज्याचीं बेटें, त्याचा आसपासच्या समुद्रावर हक्क, म्हणून त्यांस महत्त्व आलें. १९७१ सालीं दोन्ही राष्ट्रांनीं हाही वाद ब्रिटनच्या राणीच्या नांवें लवादाकडे दिला. आंतरराष्ट्रीय न्यायालयांतील पांच न्यायाधीशांनीं विचार करून जो निवाडा केला, तो १९७७ च्या मे महिन्यांत जाहीर झाला. तीनही बेटें चिलीचीं ठरलीं. पुढील वर्षाच्या जानेवारींत आर्जेंटिनाच्या लष्करी सरकारनें तो निवाडा आपण मानीत नाहीं असें जाहीर केलें. १९७८ चा डिसेंबर उजाडला तेव्हां दोन्हीकडील सैन्यें व आरमारें सज्ज झालीं होतीं, व आर्जेंटिनाच्या चढाईचा दिवसही ठरला होता. घाटावरील पुतळा आपल्या जागीं उभाच होता. परंतु केवळ पुतळ्यानें सैन्य थांबत नाहीं.

तें थांबविलें मध्यस्थीनें. दोन्ही राष्ट्रांतील बहुसंख्य लोक रोमन कॅथॉलिक. पोप जॉन पॉल दुसरे यांस पदावर येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. अगदीं शेवटच्या घटकेस त्यांनीं आपला प्रतिनिधि पाठविण्याची तयारी दर्शविली, व दोन्ही सरकारांनीं ती मान्य केली. ७३ वर्षांचे कार्डिनल आंतोनिओ सामोरे नाताळच्या दुसऱ्या दिवशीं ब्वेनोस आयरेस येथें उतरले. दोन्ही राजधान्यांमध्यें खेपा घालून त्यांनीं ८ जानेवारी १९७९ रोजीं माँटेव्हिडिओ येथें करार घडवून आणला. त्यांत बेटांचा निकाल नव्हता. आम्ही पोपची मध्यस्थी मागतों, व तंट्यासाठीं बळाचा उपयोग करणार नाहीं, इतकेंच दोघांनीं लिहून दिलें. त्या घटकेस तेवढेंच हवें होतें.

पुढें सहा वर्षें गेलीं. १९८० सालीं पोपनीं मांडलेली योजना चिलीनें मान्य केली. आर्जेंटिनानें केली नाहीं. १९८२ सालीं फॉकलंड बेटांसाठीं आर्जेंटिना ब्रिटनशीं लढला व हरला. १९८३ च्या फेब्रुवारींत कार्डिनल सामोरे वारले. ज्या कामासाठीं त्यांनीं देह झिजविला, त्याचें फळ त्यांस पाहावयास मिळालें नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस आर्जेंटिनांत लोकनियुक्त सरकार आलें. त्या सरकारनें तहाचा मसुदा जनतेपुढें ठेवला, आणि २५ नोव्हेंबर १९८४ रोजीं मत देणारांपैकीं दर पांचांत सुमारें चौघांनीं त्यास संमति दिली. चार दिवसांनीं व्हॅटिकनमध्यें तहावर सह्या झाल्या. बेटें चिलीकडेच राहिलीं. परंतु अटलांटिकच्या बाजूच्या समुद्राचा मोठा भाग आर्जेंटिनाचा ठरला.

ही हकीकत आम्हीं वर्गांत सांगितली तेव्हां एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, न्यायाधीशांनीं बेटें चिलीस दिलीं, पोपनींही चिलीसच दिलीं. मग पहिला निवाडा मोडणाराचा समुद्राच्या रूपानें फायदाच झाला कीं नाहीं? मग न्याय कोठें राहिला?” प्रश्न मार्मिक होता, व त्याचें उत्तर आम्हांस चटकन् देतां आलें नाहीं. दिलेला शब्द मोडणें हें वाईटच, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. परंतु लवादानें विचारलेल्याच प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें असतें. बेटें कोणाचीं, एवढेंच सांगून तो उठतो. मध्यस्थ त्यापुढें जाऊन विचारतो कीं, बेटें गेलीं तरी दुसऱ्यास घरीं परत जाऊन आपल्या माणसांस काय सांगतां येईल? एका पक्षाच्या पदरांत नुसता पराभवच पडला, तर कागदावरील न्याय जमिनीवर टिकणें अवघड होतें. १९०२ सालीं दोघांच्याही हातीं कांहीं पडलें, म्हणून तो निवाडा टिकला.

तथापि न्यायाचा धडा व्यर्थ गेला नाहीं. १९९१ सालीं दोन्ही राष्ट्रांनीं सरहद्दीचे उरलेले बहुतेक प्रश्न वाटाघाटींनीं सोडविले. लागुना देल देसिएर्तो या सरोवराच्या प्रदेशाचा प्रश्न तेवढा पुन्हां लवादाकडे गेला. १९९४ सालीं निवाडा आर्जेंटिनाच्या बाजूनें लागला. आतां हरण्याची पाळी चिलीची होती. चिलीनें फेरविचाराची मागणी रीतसर केली. ती १९९५ सालीं फेटाळली गेल्यावर निवाडा मान्य केला. त्या विद्यार्थ्यास आम्हीं दुसऱ्या दिवशीं हेंच उत्तर दिलें.

यावरून काय शिकावें? तहाचें वाक्य लिहितांना त्याचे दोन अर्थ होत नाहींत ना, हें शंभरदां पाहावें. व्याकरणाच्या तासास कंटाळणारांनीं १८८१ चा तह आठवावा. तंटा तोडूं पाहणारानें जमीन व माणसें डोळ्यांनीं पाहावीं. आणि निकाल लगेच लागत नसेल तर निदान हात उगारावयाचा नाहीं एवढें तरी आधीं ठरवून घ्यावें; बाकीचें काम मग काळावर व चिकाटीवर सोपवितां येतें. दोघांचें भांडण व तिसऱ्याचा लाभ अशी म्हण आपण नेहमीं वापरितों. येथें तिसऱ्यानें आपल्यासाठीं कांहींच घेतलें नाहीं, म्हणूनच दोघांनीं त्याचें ऐकलें.

पर्वतांतील घाटांस बहुधा जिंकणाऱ्या सेनापतींचीं नांवें मिळतात. अँडीजमध्यें दोन्ही देशांस जोडणाऱ्या एका घाटास आज कार्डिनल सामोरे यांचें नांव आहे. १८८१, १९०२ व १९८४ या सनावळ्या परीक्षेंत कोणी विचारणार नाहीं. तरी त्या पाठ कराव्या, अशी आमची सर्व विद्यार्थ्यांस विनंति आहे.