नासरेथाहून कफर्णहूमाकडे
पाठ : योहान ४ : ४६–५४

शुभवर्तमान वाचतांना गांवांचीं नांवें आपल्या ध्यानांत राहतात, पण मधली वाट राहत नाहीं. गालीलांतील ती वाट आज पायीं चालतां येते. माओझ इनोन हे यहूदी व डेव्हिड लँडिस हे ख्रिस्ती. ह्या दोघांनीं सन २००७ मध्यें नासरेथापासून कफर्णहूमापर्यंत सुमारें ६५ किलोमीटरांची 'येशूची वाट' आंखली. ती चालावयास बहुधा चार दिवस लागतात.

वाटेवर दोन्ही धर्मांचीं प्राचीन स्थळें आहेत. सेफोरिस येथें पांचव्या शतकांतील सभास्थानाची चित्रमय फरशी आहे. पुढें काना लागतें. मग्दाला येथें सन २००९ मध्यें पहिल्या शतकांतील सभास्थान सांपडलें. कफर्णहूमांत पांढऱ्या दगडाचें सभास्थान उभें असून, थोड्याच अंतरावर, पेत्राचें म्हणून मानलेल्या घरावर, पांचव्या शतकांतील अष्टकोनी मंदिराचे अवशेष आहेत.

आतां पाठाकडे वळूं. नासरेथ समुद्रसपाटीहून सुमारें ३५० मीटर उंच, तर गालील समुद्र सपाटीच्या सुमारें २१० मीटर खालीं आहे. म्हणून अंमलदार प्रभूला 'खालीं' येण्याची विनंति करितो, हा शब्द उगाच आलेला नाहीं. त्याचा पुत्र मरणाच्या दारीं होता. प्रभूनें बरोबर यावें अशी त्याची इच्छा. परंतु प्रभु गेला नाहीं, त्यानें केवळ शब्द दिला.

तो शब्द घेऊन बाप निघाला. आजचें कफर कन्ना हेंच काना धरिलें, तर कफर्णहूम तेथून सरळ रेषेंतही पंचवीस किलोमीटरांहून अधिक दूर आहे. त्या वाटेवर त्याच्या हातीं औषध नव्हतें, खूण नव्हती, सोबतीस प्रभुही नव्हता. दुसऱ्या दिवशीं वाटेंत दास भेटले. आदल्या दिवशीं सातव्या तासाला, म्हणजे दुपारीं एकच्या सुमारास, ताप उतरला होता. प्रभूनें शब्द दिला तीच ती घटका. वार्ता वाटेंत भेटली, पण विश्वास त्यापूर्वींच निघाला होता.

दुखणाइताच्या खाटेकडे प्रार्थना करीत परतणाऱ्या प्रत्येकाला ही मधली वाट ठाऊक आहे. तिच्यावर उत्तर दिसत नाहीं. पाऊल मात्र टाकावें लागतें.

मननासाठीं प्रश्न
१. अंमलदारानें काय मागितलें व त्याला काय मिळालें?
२. ओवी ५० व ओवी ५३ ह्यांतील विश्वासांत कोणता फरक दिसतो?
३. आपण आज कोणता शब्द घेऊन चालत आहों?